नळापाशी सांडलेलं मीठ

१

पार्वताअक्का नळाच्या ओट्यापाशी आडव्या पडल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं नळावरून सुटत नव्हती.

वैशाखातली दुपार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली होती, पण अंगणातल्या लिंबाचा झोका अजून कुणी सोडला नव्हता. जळगावात अशा उन्हात माणूस काय, कुत्रंसुद्धा अंगणात पाऊल टाकत नाही. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून मी दार उघडलं. मला जे दिसलं ते समजायच्या आत माझ्या मागून भाईदास नाना धावत गेले. त्यांनी कपडे धुण्याचं लाकडी धोपटणं उचललं आणि बायकोच्या हातावर मारलं. हात सुटला.

अक्का जिवंत होत्या. तळहात भाजला होता, पडताना खुब्याचं हाड मोडलं होतं. रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं आणि नाना तासाभरानं परत आले ते सरळ माझ्या भिंतीशी. भिंतीवरून एक नवी हिरवी तार खाली उतरून नळाच्या पाइपला गुंडाळलेली होती.

"ही तार कोणी बांधली?" नानांनी विचारलं.

नाना आमचे घरमालक. मूळचे असोद्याचे, केळीचा मळा भावावर सोपवून इथे राहायला आलेले. एका अंगणात तीन बिऱ्हाडं: पुढे नाना-अक्का, मध्ये रतिलालभाई आणि त्यांची बायको कलाबाई, मागे आम्ही. नळ एकच. त्याचाच पाइप जमिनीतून तिघांच्या मोऱ्यांत गेलेला.

सगळे माझ्याकडे बघत होते. ती तार त्याच दिवशी सकाळी बांधली गेली होती. आणि बांधणाऱ्या माणसाला मीच घरी आणलं होतं.

२

त्याला शोधायला मला केवढा खटाटोप करावा लागला होता.

आखाजीच्या आसपास आमच्या मोरीतला नळ हाताला मुंग्या आणू लागला. नेहमी नाही, कधीमधी. गुड्डी नुकतीच चालायला लागलेली. तिला नळाचं वेड, तोटी दिसली की दोन्ही हात पुढे. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी सकाळी अंघोळीच्या वेळी नळ धरून पाहिला, हसले, म्हणाले, तुझ्या हातातच मुंग्या असतील. मग ऑफिसच्या कामासाठी धुळ्याला निघून गेले.

बी.ए. झालेली बाई वायरमन कुठे शोधणार? रतिलालभाईंनी सांगितलेला माणूस लग्नसराईत अडकलेला, मांडवाच्या रोषणाईतून त्याला मान वर करायला सवड नव्हती. दुसरा आला, मीटरकडे नुसतं बघून म्हणाला, सगळी फिटिंग उखडून नवी करावी लागेल. शेवटी गिरणीवर दळण टाकताना कुणीतरी अभिमनचं नाव घेतलं. बसस्टँडमागे जळलेल्या विजेच्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांना नवी तार गुंडाळायचं, त्याचं दुकान. मी गुड्डीला कडेवर घेऊन गेले, त्याच्याकडून एक टेस्टरही विकत घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. नळाला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. मग त्यानं बोर्ड उघडला आणि जीभ चावली. "वहिनी, तुमच्या बोर्डाला अर्थिंगच नाही." त्यानं बोर्डापासून हिरवी तार काढली आणि नळाच्या पाइपला बांधली. सगळे असंच करतात, म्हणाला.

आणि त्याच दुपारी अक्का पडल्या.

नानांनी पक्कड आणून हिरवी तार तोडली. माझा फ्यूजही काढून खिशात घातला. अभिमनवर पोलिसात तक्रार करणार, ह्यावर अंगणातल्या कुणाचंच दुमत नव्हतं. ह्या लोकांना शिकून-सवरून काय कळतं, असं रतिलालभाई म्हणाले. 'ह्या लोकांना' म्हणजे कोणत्या जातीच्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सगळ्यांना कळलं.

"आता भ्यायचं कारण नाही," नाना मला म्हणाले. "तार गेली, करंट गेला. नळ वापरा."

मी रात्रभर एकच गोष्ट उलटसुलट करत राहिले. तार दोषी असेल, तर ती तुटली तेव्हाच धोका संपला. पण ती निर्दोष असेल, तर अक्कांना पाडणारी गोष्ट अजून नळात बसलेली आहे, आणि माझी मुलगी चालायला शिकते आहे.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेस्टर नळाला लावला. दिवा लागला नाही. जरा जिवात जीव आला. नानांनी फ्यूज परत दिला. पंखा भरात फिरू लागला, गुड्डी त्याखाली झोपली.

दुपारीही पंखा तसाच भरात होता, पण माझं मन राहीना. आधी मी आमचा मेन स्विच बंद केला. घरात विजेचा थेंब नाही. मोरीत गेले, पायात रबरी चपला घातल्या, टेस्टर नळाला टेकवला.

टेस्टरच्या पोटातला तांबडा दिवा लागला.

तार तुटलेली, मेन बंद, आणि तरी नळात वीज. म्हणजे ती आमच्या घरातली नव्हती. अभिमनच्या तारेतली तर नव्हतीच.

नाना दवाखान्यात जायला निघाले होते. त्यांना मी गाठलं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग टोपी नीट करत म्हणाले, "पोरी, मले एक सांग. तो टेस्टर तुले कोणी देल्ला? त्यानंच ना?"

मी हातातल्या टेस्टरकडे पाहिलं.

"चोराच्या तराजूत माल मोजू नये," ते म्हणाले. "दवाखान्यातून येताना मी ठाण्यात जाणार आहे."

त्यांना जाताना बघून मी गुड्डीच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि तिचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. असं मुलांना बांधून ठेवणाऱ्या बायकांना मी पूर्वी नावं ठेवत असे.

४

मला संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. गुड्डीची पट्टी सोडून तिला कडेवर घेतलं आणि आधी अभिमनच्या दुकानी गेले. अर्धं शटर खाली होतं. बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली. त्याचा एकच मुद्दा होता: त्यानं सकाळी नळ तपासला तेव्हा तो थंड होता. मी त्याला म्हटलं, चला, आत्ता येऊन बघा. तो नको म्हणाला. "आत्ता त्या अंगणात माझा पाय पडला, तर ते पोलिसाची वाट बघणार नाहीत वहिनी."

परत आले तेव्हा रतिलालभाई जेवायला घरी आलेले. मी नळाचा विषय काढताच त्यांची नजर कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे गेली. मी तिकडेच बघत उभी राहिले. शेवटी त्यांनीच गोणपाट उचललं. खाली पाणी ओढायची छोटी मोटार होती. नगरपालिकेचा माणूस पाहील म्हणून झाकून ठेवलेली. माझ्या काळजात लख्ख झालं: हीच.

पण कलाबाईंनी पाणी फिरवलं. मोटार लावायची ती सकाळी, नळाला पाणी असतं तेव्हा. दुपारी कोरड्या नळाला मोटार लावून काय करायचं? अन् झटके आठवून पाहिले, तर सगळे दुपारचे. रतिलालभाई खोटं लपवत होते, पण ते वेगळं खोटं होतं.

मी उठणार तेवढ्यात कलाबाई हळूच म्हणाल्या, "कुणीतरी करणी केली बघ. चल, तुला दाखवते."

नळापासून चार हात दूर उभ्या राहून त्यांनी बोट दाखवलं. ओट्याच्या कडेला, जिथे पाइप जमिनीत शिरतो, तिथे काळ्या मातीवर पांढरे खडे पडले होते. मीठ. जाडं मीठ, मूठभर तरी.

कमलची दृष्ट काढून टाकलं असेल, असं कलाबाईंचं म्हणणं. कमल म्हणजे नाना-अक्कांची लेक, आखाजीला माहेरी आलेली. दिवस भरत आलेले, म्हणून अक्कांनी तिला इथेच ठेवून घेतली होती. पण दृष्टीच्या मिठात मोहरी असते, मिरची असते, आणि ते विस्तवात टाकतात. नळाच्या बुडाशी कोण टाकतं?

आणि मीठ पाहता पाहता मला ती बादली आठवली. कालपासून डोळ्यासमोर असून मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. नळाला पाणी फक्त सकाळी येतं. दुपारी तिथे कुणाचं काही काम नसतं. तरी अक्का पडल्या तेव्हा भोवतालची माती ओलीचिंब होती. सारं जग नळावर रिकामी बादली घेऊन जातं. अक्का कोरड्या नळाकडे भरलेली बादली घेऊन गेल्या होत्या.

का?

५

गुड्डीला कलाबाईंच्या मांडीवर दिलं. तिला खाली सोडू नका, असं बजावून सांगितलं आणि कमलकडे गेले.

मागच्या खोलीत कमल खाटेवर डाव्या कुशीवर पडली होती. खिडकीपाशी मोठा लोखंडी कूलर. ओल्या गवताचा वास होता, वारा मात्र नव्हता. पंख्याची पाती मोजता येतील इतकी संथ फिरत होती.

"व्होल्टेज नाही," कमल म्हणाली. "नाना म्हणतात, दुपारी असंच."

मी मान डोलावली आणि मग मान डोलवायची थांबले. व्होल्टेज नाही तर माझा पंखा भरात कसा फिरत होता? खांब एक, तार एक.

कूलरच्या मागे पाहिलं. एक वायर बोर्डाच्या प्लगात गेलेली. दुसरी एक सुटी तार भिंतीच्या कडेकडेनं मोरीच्या दाराखाली शिरलेली.

कमलला काही विचारायला नको असं वाटत होतं. डोळे रडून सुजलेले. पण मी विचारलंच, की अक्का काल नळावर कशाला गेल्या होत्या.

"माझ्यासाठीच गं," ती म्हणाली. "कूलर नीट चालत नव्हता ना. मळ्यात नाना एका तारेवर दिवा लावतात, दुसरी तार जमिनीतल्या सळईला. दिवा बारीक झाला की आई सळईपाशी मीठ-पाणी टाकते. मग मोठा होतो. इथेही नळापाशी पाणी टाकलं की वारा वाढतो, असं आईच्या लक्षात आलं होतं. म्हणाली, थांब, आज मीठही टाकते."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं, नळाकडे, नुसतं डोळ्यांना काही हवं म्हणून.

नळापाशी गुड्डी उभी होती.

कलाबाई दारात पाठमोऱ्या होत्या, कुणाशी तरी बोलत. गुड्डी ओट्याला धरून एक एक पाऊल सरकत होती. दोन्ही हात पुढे. मधे अख्खं अंगण. धावले असते तरी पोचले नसते. हाक मारली असती तर तिनं तोल जाऊन नळच धरला असता.

मी कूलरचा प्लग उपटला.

पाती घरघरत थांबत आली. खिडकीतून मला दिसत होतं: गुड्डीनं तोटी दोन्ही हातांनी धरली होती. तिनं तोटी हलवली, पाणी येईना म्हणून तिच्यावर चापट मारली, आणि रागावून खाली बसली.

६

मी धावत जाऊन तिला उचललं. कलाबाई रडत होत्या. मग गुड्डीला त्यांच्याकडे न देता एका हातावर घेऊनच मी टेस्टर आणला. नळाला लावला. दिवा नाही. खिडकीकडे बघून म्हटलं, "कमल, प्लग लाव." दिवा लागला. "काढ." विझला.

कमलनं तो खेळ शेवटपर्यंत पाहिला. तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती बाहेर आली, झोक्यावर बसली, आणि दोन्ही हात पोटावर ठेवून जमिनीकडे बघत राहिली.

नाना फाटकातून आत आले तेव्हा सगळे अंगणातच होतो. ठाण्यात साहेब जेवायला गेले होते, म्हणून तक्रार संध्याकाळवर गेली होती. मी त्यांना कूलरच्या दुसऱ्या तारेबद्दल विचारलं. ते अजिबात दचकले नाहीत, आणि त्यानंच माझी खात्री झाली की ह्या माणसानं काही लपवलेलं नाही.

"भिंतीतली एक तार तुटली व्हती," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी भिंत कोण फोडेल? मळ्यात सळईला बांधतो तशी नळाला बांधली. पण गेल्या उन्हाळ्यापासून आहे ती. अख्खा उन्हाळा कूलर चालला. तवा कोणाले झटका बसला का? बोल."

रतिलालभाईंनी मान हलवली. नव्हता बसला. सगळे परत माझ्याकडे बघू लागले.

काय बदललं होतं? गेल्या उन्हाळ्यापासून ह्या उन्हाळ्यापर्यंत नळात काय बदललं? मी फाटकाकडे पाहिलं. तिथे वर्षभर चिखल असायचा. पाइप गळायचा आणि गुड्डी पाय बरबटून घेऊन यायची. आखाजीच्या तोंडावर चिखल बंद झाला. कारण नानांचा भाऊ सुपडू असोद्याहून आला होता, आणि गंजलेला लोखंडी तुकडा कापून त्यानं त्याजागी...

"नाना," मी म्हटलं, "फाटकाशी सुपडूभाऊंनी कोणता पाइप घातला?"

उत्तर द्यायची गरज नव्हती, तो मातीतून डोकावत होता. काळा. प्लास्टिकचा. केळीच्या मळ्यात पसरतात तो.

मग मला जसं सुचत गेलं तसं मी सांगितलं. गेल्या वर्षी अंगणापासून रस्त्यापर्यंत सलग लोखंड होतं. कूलरमधून निघालेला करंट पाइपातून बाहेर, गावभरच्या जमिनीत निघून जायचा. कुणाला कळायचंही नाही. प्लास्टिकमधून तो पुढे जाईना. आमच्या तीन मोऱ्या आणि हा नळ, एवढ्यातच कोंडला. वाट नाही म्हणून कूलर रडायला लागला, आणि नळ चावायला. पाइपाभोवतीची माती ओली केली की त्याला थोडी वाट मिळायची, पाती जोरात फिरायची. अक्कांनी ते बरोबर ओळखलं होतं. सळईचं शास्त्र त्यांना ठाऊक होतं. फक्त मळ्यातल्या सळईला कुणी हात लावत नाही. इथे त्यांनी मीठ टाकलं, पाणी ओतलं, आणि अनवाणी ओल्या मातीवरून उठताना आधाराला नळ धरला.

अभिमन आला तो सकाळी. कूलर लागतो दुपारी. हिरव्या तारेचा गुन्हा एवढाच, की ती नवी होती आणि दिसत होती.

नाना फाटकाशी गेले, खाली बसले आणि त्या काळ्या नळीवरची माती हातानं झाडू लागले, जणू खाली काही वेगळं निघेल.

"मी मारलं तिले," ते म्हणाले.

कमल झोक्यावरून उठली, त्यांच्याजवळ जाऊन बसली. "मीच गरम होतंय म्हणून सांगत होते, नाना."

ते उठले आणि टोपी न घालता तसेच बाहेर पडले. आम्हाला वाटलं, दवाखान्यात. ते बसस्टँडमागे गेले होते. अभिमननं नंतर मला सांगितलं, म्हातारा अर्ध्या शटरखालून वाकून आत आला तेव्हा त्याच्या हातातला पाना गळून पडला. नानांनी माफी वगैरे मागितली नाही. एवढंच म्हणाले, घरची एक भिंत फोडायची आहे, येतोस का.

तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं भिंत फोडली, कूलरला दुसरी तार दिली आणि अंगणात स्वतंत्र खड्डा खणून अर्थिंग केलं. नळाला बांधायची आपलीही सवय चुकीचीच, हे तो स्वतःच म्हणाला. जाण्याआधी मी त्याला दुपार होईपर्यंत थांबवून घेतलं. कूलर लावून तीन मोऱ्यांतले नळ त्याच्यासमोर तपासले. तो हसला नाही.

७

मी अक्कांना भेटायला गेले ते नानांबरोबर. कमलला यायचं होतं, पण नानांनीच तिला थांबवलं. बायकोला आपण स्वतः सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वाटेत रिक्षात ते ओठ हलवत होते. शब्द जुळवत असावेत.

अक्कांचा पाय वजनाला टांगलेला, हाताला जाड पट्टी. त्या धुळ्याकडच्या, मीही धुळ्याची. म्हणून माझ्याशी त्या नेहमी अहिराणीत बोलायच्या. मला बघून त्यांनी चांगला हात पुढे केला आणि नाना तोंड उघडायच्या आत विचारलं,

"बेटा, कमलना कूलर चालू शे ना?"

मी नानांकडे पाहिलं. वाटभर जुळवलेलं सगळं त्यांच्या तोंडावरून पुसलं गेलं होतं. त्यांनी खाटेची दांडी घट्ट धरली.

"चालू आहे," ते म्हणाले. "आता दोन तारांवर आहे. नळाची तार मी काढली."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पट्टी बांधलेला हात त्यांनी हळूच वर उचलला, उलटा करून, सुलटा करून पाहिला. उभा जन्म मळ्यात गेलेल्या बाईला आणखी काय सांगायचं होतं?

नाना वाट बघत होते. मीही.

अक्कांनी हात परत उशीवर ठेवला.

"मंग मन्हं मीठ वाया गयं," त्या म्हणाल्या आणि नानांना बसायला सांगितलं.